काचेखालचा सरडा

कर्जत, मार्च १९७१, मंगळवार

शाळेच्या प्रदर्शनासाठी पकडलेल्या सरड्याला चहाच्या खोक्यात घर केलं. वाळू, बाभळीची फांदी, वर जुन्या तसबिरीची काच. सरड्याला उन्हाची ऊब हवी असते म्हणून खोकं अंगणात उन्हात ठेवलं. दुपारी पाहतो तर तो आ वासून बसलेला. भुकेला असेल समजून नाकतोडे सोडत राहिलो. मी, विज्ञानाचा मास्तर. एकालाही तो शिवला नाही.

शेजारच्या सखूबाई म्हणाल्या, "गुरुजी, भूक न्हाई ती, भाजतंय त्याला. कोंबड्यांच्या खुराड्याला कुनी काच लावतं व्हय?"

काच काढून मच्छरदाणीचा तुकडा ताणला, खोकं निंबाखाली नेलं. तरी तोंड उघडंच. चारदा जाऊन पाहिलं. मला कसं सुचलं नाही?

आत्ता दिवेलागणीला गेलो तर तोंड मिटलेलं. झोपला की गेला? हात लावून बघायचं धाडस होत नाही.