कोंबडी न खाणाऱ्या बाईचा चिकन गुनिया

११ जुलै २००६, मंगळवार. आषाढ पौर्णिमा

घरात आलं: निर्गुडीचं तेल, एक बाटली, चाळीस रुपये. गुडघ्याचे पट्टे, जोडी, साठ. मलमाची ट्यूब, अठ्ठावीस. तांब्याचं कडं, पंचवीस – हे यांनी फेरीवाल्याकडून घेतलं, मला न विचारता. एकूण एकशे त्रेपन्न.

फरक: काही नाही.

कडं खिळ्याला टांगून ठेवलं आहे. "घालून तं पाह्य," म्हणतात. अहो, पंजा आवळता आला तर कडं आत जाईल, आणि पंजा आवळता आला असता तर कडं लागलंच कशाला असतं? पण एवढा विचार कोण करतो. आमचे वामनराव खाणीच्या टाइम-ऑफिसात बसून दुनियेच्या हजेऱ्या मांडतात. घरातल्या बाईचे हात कामावर गैरहजर आहेत हे त्यांच्या रजिस्टरात नाही.

आजपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. विहारात ग्रंथवाचन सुरू झालं. दरसाल मीच वाचते. आजही वाचलं, पण चौरंगापुढे मांडी घालून बसले ती उठेचना. दोन बायांनी धरून उभं केलं. मनकर्णाबाई सगळ्यांत आधी धावल्या – हात द्यायला कमी, पाहायला जास्त.

१५ जुलै

सकाळी बोटं म्हणजे वाळलेल्या शेंगा. रेडिओवरच्या बातम्या होतात, मग गाणी, मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम. तो संपत आला की मूठ मिटायला लागते. दुपारी बरी असते. दुपारी बरी असते म्हणून कोणाचा विश्वास नाही. लोक दुपारीच येतात ना बसायला.

माघात सुरुवात झाली. लाखोळीची डाळ भरडायला बसले होते, जात्याचा खुंटा धरवेना. तेव्हा वाटलं, थंडी आहे. उन्हाळ्यात वाटलं, ऊन आहे. आता पाऊस आहे. आणखी ऋतू उरले नाहीत.

२२ जुलै

आज खाणीच्या दवाखान्यात गेले. फुकट आहे म्हणून गेले, हेही लिहून ठेवते.

डॉक्टरनं मान वर केली नाही. "काय होतं?" म्हटलं, सांधे दुखतात, माघापासून. "चिकन गुनिया," म्हणाला आणि लिहायला लागला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, माघापासून. तेव्हा तर ही साथही नव्हती. "आजकाल सगळ्यांचं तेच आहे, बाई." आणि मागच्या माणसाला हाक मारली. माझ्या हाताला त्याने हात लावला नाही. भाजी घेतानासुद्धा माणूस वांगं दाबून पाहतो.

लाल गोळ्या दिल्या. हे म्हणतात, "चला, नाव तं समजलं." नाव समजलं की यांचं काम संपतं.

२७ जुलै

गावातल्या शहाणपणाचा आज कळस. चिकन गुनिया म्हणजे चिकन खाऊन होणारा रोग, असं सगळ्या भद्रावतीनं एकमतानं ठरवलं आहे. नावातच आहे म्हणे. शिकलेले मास्तरसुद्धा तेच बोलतात. कोंबडी कोणी घेत नाही. मागच्या गल्लीतल्या रफीकच्या दुकानात पिंजरे भरलेले आणि गिऱ्हाईक नाही.

त्याची बायको शकिला दुपारी आली.

"ताई, तुमाले चिकन गुनिया झाला म्हणे?"

"डॉक्टर म्हणतो."

"अन् तुमी तं कोंबडी खातच नाई."

"नाही."

तिचा चेहरा असा उजळला, जणू मला पोरगा झाला. "मंग चला ना ताई, जरा दुकानापाशी. काई बोलाचं नाई. फक्त उभं राह्याचं."

मी म्हटलं, मला उभंच राहता येत नाही, तोच तर रोग आहे.

"खुर्ची देतो ना!"

हसू आलं, पण दाखवलं नाही. तिला सांगितलं की रोग मच्छरानं होतो, रेडिओवर रोज सांगतात, घरामागचा ड्रम आधी उपडा कर. ती म्हणाली, "मच्छर कोण पाह्यते ताई, नावात तं चिकन हाय."

२९ जुलै

रफीकनं दुकानावर पाटी लावली. यांनी वाचून येऊन सांगितलं: "कोंबडी न खाणाऱ्या बाईलाही चिकन गुनिया झाला आहे. खात्री करणे असल्यास मागच्या गल्लीत विचारावे."

संध्याकाळपर्यंत चार जण विचारून गेले. एकानं तर मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "अंडे तं खात असाल?"

४ ऑगस्ट

विहारात मांडी घालून बसणं आता होतच नाही. मी घरून लाकडी खुर्ची नेली, भिंतीशी ठेवली, वाचायला बसले. मनकर्णाबाई उठल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षा आहेत, उठणारच.

"बाई, राग मानू नका. पण खुर्चीवर बसलं की तुमी मूर्तीच्या वर होता. भन्तेजीसुद्धा खाली बसतात."

मूर्ती आमची बुटक्या टेबलावर आहे, हे खरं. पण मी काय अहंकारानं वर बसले होते? मी शांतपणे ग्रंथ बंद केला आणि खुर्ची परत आणली. म्हणजे मला ती उचलवेना, शेजारच्या संतोषीच्या घरच्यांनी आणली. तेवढं शांतपणे झालं नाही.

निघताना मनकर्णाबाईंनी आपलं वैद्यकशास्त्र सांगितलं. "तुमाले तो चिकन गुनिया नाईच, बाई. तुमाले ताप आला काय? नाई ना. अन् तुमी कोंबडी खात नाई. मंग कसा होईन?"

कोंबडी खात नाही म्हणून होणार नाही! रफीक म्हणतो कोंबडी खात नाही तरी झाला. एक जण माझ्या जेवणावर दुकान चालवतो आणि दुसरी निदान करते. प्राणिहत्या न करण्याचं पहिलं शील मी शब्दाला शब्द पाळलं, त्याचं हे फळ. पौर्णिमेचं शील घेऊन दुसऱ्या दिवशी रस्सा ओरपणाऱ्या मंडळाला मात्र काही होत नाही.

५ ऑगस्ट

वाचन आता मनकर्णाबाई करतात. घरापर्यंत ऐकू येतं, भोंगा आहे. "प्रज्ञा"चं "परज्ञा" झालं आहे. तथागतांना सगळं सहन करावं लागतं.

१४ ऑगस्ट

संघप्रियाचं पत्र आलं. पोरगी एटापल्ली तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिक्षणसेवक लागली. तिकडे मोबाईलची रेंज नाही, नाल्याला पूर असला की डाकही नाही. दोन पत्रं एकदम मिळाली.

शाळेचं बरं चाललं आहे. सूरजागडच्या डोंगराकडची पोरं वर्गात गोंडीत बोलतात, तिला आता थोडं समजतं. पुढे लिहिते, सकाळच्या पहिल्या तासाला खडू धरवत नाही, खडूला कापड गुंडाळून लिहिते. तिथेही सगळे म्हणतात चिकन गुनियाच असेल.

खडूला कापड! आता आश्रमशाळेपर्यंत ही फॅशन पोचली. आई आजारी आहे कळलं की लेकीलाही दुखायला लागतं. मी लगेच उत्तर लिहिलं: लवकर उठायची सवय लाव, गार पाण्याने हात धू, काम केलं की बोटं चालतात. आळसाला रोगाचं नाव देऊ नये.

अक्षर इतकं वाकडं आलं की पत्ता यांच्याकडून लिहून घेतला.

२३ ऑगस्ट

पोळा. पुरणासाठी डाळ वाटवली नाही. गूळ-पोळी केली. तीही जाड.

२ सप्टेंबर

हे म्हणतात, "साथ ओसरली, आता तुलेबी बरं वाटन." साथीबरोबर मीही ओसरावं असं यांचं वेळापत्रक आहे. शेजारचे सगळे उठून कामाला लागले. ज्यांना ताप आला होता ते हिंडतात. मला ताप आलाच नाही आणि मी इथे.

९ सप्टेंबर

दवाखान्यात पुन्हा गेले. तोच डॉक्टर. "चिकन गुनियाचे सांधे कधीकधी वर्षभर दुखतात." त्याच लाल गोळ्या. आता पोटातही जळतं. म्हटलं, रक्त तरी तपासा. म्हणाला, "बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

वाटलं होतं, सांगावं की दोघांपैकी कोणीच नाही. सांगितलं नाही. यांची नोकरी आहे.

१३ सप्टेंबर

आज सकाळी वंदनेला हात जोडले तर तळवे एकमेकांना टेकले नाहीत. मधे फट. उदबत्तीचा धूर त्या फटीतून जाताना दिसला.

मी सहा-सात वर्षांची असताना आईनं हात धरून जोडायला शिकवले होते. पायऱ्या गेल्या, विजासनची लेणी खालून पाहायची झाली, तेही चाललं. मांडी गेली, वाचन गेलं. पण हे नाही जाऊ देणार.

भिशीचे पैसे काढते. नागपूरला जाणार. यांना विचारणार नाही, सांगणार.

१८ सप्टेंबर, सोमवार

नागपूर. एसटीत वरोऱ्यापर्यंत उभी. हे सोबत होते, त्यांना जागा मिळाली, ती वरोऱ्यानंतर मला दिली.

सांध्यांची डॉक्टर बाई निघाली. पोरगीच. संघप्रियाहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. म्हटलं, झालं, पैसे गेले.

पण तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि एक-एक बोट, एक-एक पेर दाबून पाहिलं. कुठं दुखतं ते मी सांगायच्या आधी ती थांबायची. मग विचारलं, "सुरुवातीला ताप आला होता का?"

"नाही."

"मुळीच नाही? मग चिकनगुनिया कोणी सांगितला?"

मनकर्णाबाईंनी हेच विचारलं होतं. ताप आला काय, म्हणून. मी त्यातली फक्त कोंबडी ऐकली.

रक्त दिलं, हातांचे फोटो काढले. "घरात आणखी कोणाला आहे का असं? आई, बहीण, मुलगी?" म्हटलं, आईला नव्हतं, बहीण नाही. मुलगी धडधाकट आहे.

२५ सप्टेंबर, सोमवार

नाव कळलं. ऱ्हुमॅटॉइड. संधिवातच, पण म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. यात अंगाचा राखणदारच घरच्यांना चावतो, असं तिनं सांगितलं. असे राखणदार मी पुष्कळ पाहिले आहेत, समजायला वेळ लागला नाही.

एक-दोन पेरांची हाडं खरवडली गेली आहेत. ती परत येणार नाहीत. बाकीची वाचतील. "थोडं आधी यायला हवं होतं," म्हणाली. रागावून नाही.

गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रविवारी. पहिल्यांदाच एखादं औषध माझ्या काटकसरी स्वभावाचं निघालं. गुण यायला दीड-दोन महिने लागतील, रक्त मात्र नेमानं तपासायचं. झारा, लाटणं, पेन – ज्याची मूठ बारीक त्याला कापड गुंडाळून जाड करा, म्हणाली.

येताना एसटीत हे म्हणाले, "ते कडं मी वापस करून टाकतो." म्हटलं, फेरीवाला कुठं सापडणार आहे. राहू द्या.

२७ सप्टेंबर

शकिलाला सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली.

"म्हणजे तुमाले तो नव्हताच? अन् आमची पाटी?"

"असू दे. कोंबडी न खाणाऱ्यालाही होतो हे खरंच आहे. फक्त ती बाई मी नव्हे."

"मंग लोक विचाराले आले तं?"

"तर बसव त्यांना, आणि ड्रम दाखव."

ड्रम अजून उपडा केलेला नव्हता. मी जाऊन पाहिला. आत अळ्या वळवळत होत्या. एका हाताने लोटवेना, दोघींनी मिळून लोटला. पाणी तिच्या पायावर आलं तर मला म्हणते, "ताई, तुमचा राग तं हातात अजून चांगला हाय."

७ ऑक्टोबर, शनिवार

काल वर्षावास संपला. समारोपाला गेले. मागे उभी राहून यायचं ठरवलं होतं.

विहारात शिरले तर माझ्या ओळखीची खुर्ची भिंतीशी. आमच्या घरून कधी नेली पत्ता नाही. यांचंच काम असणार. आणि मूर्ती उंचावर. बुटक्या टेबलाखाली चारही पायांना विटा लावलेल्या, वर पांढरं कापड.

मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्या फुलांचं ताट नीट करत होत्या, करायचं काही नसताना.

"तुमच्यासाठी ठेंगणी खुर्ची गावात मिळाली नाई," म्हणाल्या. "तं म्हटलं, बुद्धालेच थोडं वर करू. वाचा. माह्यानं तो शब्द बरोबर निघत नाई, मले समजते."

शेवटचं प्रकरण मी वाचलं. बसून.

८ ऑक्टोबर, रविवार

गोळी घेतली. डॉक्टरबाईनं सांगितलं तसं आज पेनाला चिंधी गुंडाळली. धरता येतं. अक्षरही सरळ.

पेनाला चिंधी. खडूला कापड.

उद्याच्या डाकेत टाकायचं, म्हणून आधी इथे लिहून पाहते:

संघप्रिया, मागचं माझं पत्र फाडून टाक. सकाळी मूठ मिटते का? दोन्ही हातांची बोटं दुखतात का? सुजतात का? ताप आला होता का? नसेल आला तर तिथले काहीही म्हणोत, तो चिकन गुनिया नाही. रजा मागून घे, मी नागपूरला तुझ्यासोबत येते. लपवू नकोस. उलट टपाली कळव.