हमीसेचा दक्षिण तीर

१० फेब्रुवारी १९९७, रुवी
सुखरूप पोचलो. मावसभाऊ जयप्रकाश विमानतळावर हजर, त्याची बायको नयना घरी पोह्यांवर खोबरं पेरून तयार. रुवी आखातात, पण इस्त्रीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे आपलेच. परदेशात आलो हे कुणाला पटवायचं? जयप्रकाश धरणाच्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीला वादी हमीसेच्या खोऱ्याचा भूगोल-इतिहास लिहून हवाय. मी पुण्याच्या साप्ताहिकाचा वार्ताहर, त्यात संस्कृत शिकलेला, नात्यात पूजा सांगणारा. म्हणजे सांगाल ते लिहिणार, असा त्याचा समज. नयनाने विचारलं, भाऊजी, आमच्यावरही लिहाल ना? म्हटलं, परिशिष्टात घालतो.

१४ फेब्रुवारी
वादी म्हणजे नदी, पण वर्षातले अकरा महिने रजेवर असलेली. हमीसा डोंगरातून निघून चाळीस किलोमीटर पूर्वेला समुद्राकडे जाते. उत्तर तीरावर चार गावं, दगडी पाट, खजुराच्या बागा. दक्षिण तीर जास्त सपाट, माती काळी, आणि घर एकही नाही. ड्रायव्हर शरीफ याच खोऱ्यातला. म्हणाला, पलीकडचं गाव एका पुरात गेलं. तेव्हापासून तिथे बकऱ्या चारतात, पण त्या काठावर उभं राहून स्वतःचं नाव कोणी उच्चारत नाही. नाव ऐकलं की नदी त्याला आपला माणूस समजते आणि न्यायला येते. वा! पहिलं प्रकरण फुकटात मिळालं.

२० फेब्रुवारी
कंपनीची केबिन नेमकी दक्षिण तीरावर. नयनाचा हट्ट, भूमिपूजन हवंच. भटजी अर्थातच मी. शरीफने हात जोडून सांगितलं, पूजा करा, नावं घेऊ नका. मी हसलो. संकल्पात नदी, तीर, गोत्र, नाव नसेल तर ती पूजा म्हणजे पत्ता न घातलेलं पत्र. ‘हमीसायाः दक्षिणे तीरे’ म्हटलं, षष्ठी विभक्ती अचूक बसली म्हणून स्वतःवर खूश झालो. यजमान दोघं, त्यांची नावं खणखणीत घेतली, दोनदा. जयप्रकाश म्हणाला, दादा, पासपोर्टचा नंबरही सांगून टाका. शरीफ लांब गाडीत कानांवर हात ठेवून बसला होता.

२६ फेब्रुवारी, रुवी
दुपारी बाजार बंद असतो तेव्हा फ्लॅटमध्ये ओली वाळू येते. तिसऱ्या मजल्यावर. महिनाभर पाऊस नाही, प्लंबर म्हणतो पाइप कोरडे. नयना झाडते, तासाभरात पुन्हा येते. काळी वाळू, आमच्या दारातून थेट त्यांच्या खोलीपर्यंत. माझ्या खोलीला वळसा घालून. मी काय, नुसता सांगणारा.

२ मार्च
जयप्रकाश आज हमीसेला ‘आमचं गाव’ म्हणाला. थट्टा केली, हसला नाही. म्हणाला, दादा, तिकडे सगळे जेवायचे थांबलेत.

४ मार्च
जयप्रकाश गेला. भर दुपारी, आभाळ स्वच्छ. शरीफने पाहिलं — लोंढा केबिनच्या उंबऱ्यापर्यंत आला, तेवढाच, आणि त्याला घेऊन मागे फिरला. उत्तरेकडचा काठ कोरडा. टेबलावर चहा होता, गरम.
नाव परत घेता येतं का, विचारलं. शरीफ म्हणाला, नाही. फक्त दुसऱ्याने त्याच काठावर स्वतःचं दिलं तर ती एकाला सोडते. असं आजोबा सांगायचे.

५ मार्च
नयनाचे केस ओले. आंघोळ केलेली नाही. विमान शुक्रवारी. वाळू गुडघ्यापर्यंत.
तिने विचारलं, भाऊजी, माझं नाव नीट घेतलं होतंत ना?

६ मार्च, दुपार. दक्षिण तीर
त्या वाळूत एकटी कशी ठेवू, म्हणून नयना गाडीत, शरीफ तिच्याजवळ. मी काठावर, तिच्याऐवजी माझं नाव द्यायला. संकल्प म्हणायला बसलो. नदी झाली, तीर झाला, गोत्र झालं —
पाणी आलंय. दहा हातांवर उभं आहे. पुढे येत नाही. ऐकतंय.
नाव राहिलं. तीस वर्षं लोकांची नावं घेतली, एकदाही अडखळलो नाही — स्वतःचं येत नाही. तोंडात शरीफचं आलं होतं. शरीफचं! ओठ दाबले.
म्हणवत नाही, निदान लिहून दाखवतो —
गाडीचं दार. नयना. आत बस म्हणून ओरडलो, ऐकत नाही — शरीफने पदर धरला, पदरच हातात —
ती घोट्यापर्यंत पाण्यात —
थांब, लिहितो, हे बघ, लिहितो — माझं नाव —