रडेल त्याला गोड नाही

प्रिय आई,

पाया पडते, तुझा दुखरा गुडघा सांभाळून.

मुलांच्या या सुट्टीच्या शिबिरात माझं बरं चाललंय. स्वयंपाकाला मी आणि एक आचारी. आचारी म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं! चिरायचं मी, ढवळायचं मी, ढेकर मात्र तो देणार.

वर संचालक. गळ्यात शिट्टी आणि अक्कल काडीची नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांची ओळख करून देताना त्यांनी मुलांना बजावलं, "घरची आठवण काढून रडायचं नाही. रडेल त्याला गोड मिळणार नाही." आणि स्वतः? रोज संध्याकाळी आमच्या कोठीत शिरून, पिठाच्या पोत्यावर बसून आईला फोन! "हो गं आई, जेवलो. हो, कान बांधलेत." घोडा झालाय नुसता! त्यांच्या उपसंचालिका बाई दाराबाहेर पहाऱ्याला. लाचारी तरी किती करावी माणसानं!

काल जेवताना एक चिमुरडी हुंदके देत होती, माझ्या छकुलीएवढीच. संचालक समोरच उभे होते. मी मुकाट्याने तिच्यापुढची गोडाची वाटी उचलली.

छकुली माझ्या आठवणीने रडते का गं? रडली तर रडू दे. तिची वाटी मात्र उचलू नकोस.

तुझीच,
लेक