तोंडावर वाचलेलं मानपत्र

सर, काल आपल्या पत्रकारिता विभागात यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा सत्कार झाला आणि त्यात मीही होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता सांगून काय होणार. पण कालपासून जी शिसारी आली आहे, ती दुसऱ्या कुणाला सांगावीशी वाटत नाही. व्यासपीठावर तुमचा हार घातलेला फोटो होता. फोटोत तुम्हाला गोरं केलं होतं. तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

मी वैजापूरची, म्हणून पहिली बातमी तिथल्या मार्केट यार्डावरच लिहिली होती. कांद्याच्या वजनात एक आडत्या कसा हात मारतो, त्याची. तुम्ही ती वाचली, नानखटाईचा पुडा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणालात, "चांगली हाय. आता जा, त्याच्या तोंडावर वाच." मी हबकले. "सर, तो मारंल मला." "नाय मारत, बेटा. खरं हाय ना? मग डर कशाचा? आन् वाचता नाय आलं, तर समज कुठंतरी झूट लिवलंय." मी एसटीनं परत वैजापूरला जाते. आडत्या गादीवर बसून सगळं ऐकतो, लाल होतो, मग म्हणतो, "काट्याचं लिव्हलं ते लिव्ह. पण माझ्या पोरीची सोयरीक मोडली, ते कशाला घातलंस? तिचा काय संबंध?" ते वाक्य मी तिथंच खोडलं. आपल्या वर्गात प्रत्येक बातमीचं असंच व्हायचं. बाकीचे विभाग आपल्याला हसायचे.

ती नानखटाई छावणीतल्या ज्या बेकरीची असायची, ती आता बंद आहे. दंगलीच्या दिवसांत एका चॅनेलनं तिथल्या विटांचा ढीग दाखवला आणि आत दगडांचा साठा आहे असं दिवसभर ओरडून सांगितलं. विटा नव्या भट्टीसाठी आणलेल्या होत्या. पोलिसांना काही सापडलं नाही, पण गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. मालकाला विचारायला कुणी गेलंच नव्हतं. ती बातमी ओरडणारा निवेदक माझ्याच वर्गातला, तुमच्याच पुड्यातली नानखटाई खाल्लेला. काल पहिला सत्कार त्याचा झाला. शाल, नारळ, मानपत्र. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "आज मी जो काही आहे, तो सरांमुळे." टाळ्या कडकडल्या. माझी पाळी आली की माइक घ्यायचा आणि त्या विटांचं त्याच्या तोंडावर सांगायचं, असं मी ठरवलं.

आता मानपत्रांची गंमत ऐका. ती विभाग लिहीतच नाही. आठवडाभर आधी मोबाईलवर निरोप येतो : आपलं मानपत्र आपणच लिहून पाठवावं, दहा ओळींत. त्यानंही पाठवलं होतं, मीही. माझं नाव पुकारलं. मी उठले, तुमच्या फोटोखाली उभी राहिले, आणि एक विद्यार्थिनी माझं मानपत्र माझ्याच तोंडावर वाचू लागली. "निर्भीड लेखणी, तळागाळाचा आवाज, तडजोड ठाऊक नसलेली..." त्याच्या मानपत्रातही निर्भीड होतंच. तिनं माइक पुढं केला. बेकरी ओठांवर होती, सर. मी "धन्यवाद" म्हणाले आणि खाली येऊन बसले. तो शेजारून म्हणाला, "लई भारी लिव्हलंय गं तुझं."

हे पत्र मी कुठंच टाकणार नाही, टाकायला पत्ता तरी कुठं आहे. तुम्ही एवढंच विचारलं असतं, तोंडावर वाचलं का, बेटा? वाचलं, सर. शेवटपर्यंत ऐकलं मी, एकही वाक्य खोडावंसं वाटलं नाही. खरं सांगू? ऐकताना फार बरं वाटत होतं.