‘सोड’ म्हणालात तो दिवस

काका, तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, आणि मी अजून लोकांना सांगते की तुम्हीच मला घालवून दिलंत.

रोह्याला तुमच्या अंगणात मी तीनला कंपनीतली पहिली शिफ्ट सुटली की यायचे. गावापुढे कोकण रेल्वेचे रूळ पडत होते, ते दिवस. तुम्ही जहाजावरचे फिटर, सिंगापूरच्या बंदरात एका म्हाताऱ्या चिनी आचाऱ्याकडून ही संथ हालचालींची चिनी विद्या शिकून आलेले. शिकणारी मी एकटीच उरले होते. बाकीची पोरं पेणला कराटेला पळाली, तिकडे पट्टे मिळत. तुम्ही तर मला आठ महिने नुसतं उभं केलंत! गुडघे जरा वाकवून, हात छातीसमोर गोल धरून, बस्स. आईने विचारलं, "काय शिकतंस गो तिकडं?" म्हटलं, ताई ची. "कोनच्या ताईची?" हे तुम्हाला सांगितलं तर इतके हसलात की खोकला लागला. तो खोकला तेव्हापासूनचा होता, माझ्याच लक्षात आलं नाही.

"पाय तुझे मिठागरातले हायत, चांगले हायत," तुम्ही म्हणायचात, "खांदे मेले कंपनीतले. सोड." दिवसातून पन्नास वेळा सोड. पुढे मनगटाला मनगट लावून ढकलायला शिकवलंत तेव्हाही तेच. मी जोर लावावा आणि तुम्ही तिथे नसावंच, मीच तोंडावर आपटायची. असा संताप यायचा! पण एकदा, एकदाच, खांदा आपसूक उतरला आणि तुमचा सगळा रेटा माझ्या टाचेतून जमिनीत गेला. आत गेलात आणि दोघांना चहा टाकलात. एवढा मान मला पुढे कोणी दिला नाही.

मग लग्न ठरलं. वडखळची माणसं, त्यांची अट, हे असलं बंद. त्या दिवशी मी धुमसतच आले. तुमचं मनगट धरलं आणि रेटतच सुटले. तुम्ही भिंतीला टेकलात, धाप लागलेली, आणि म्हणालात, "सोड गो. सोड आता." मी चपला घातल्या. मागून तुम्ही म्हणालात, "अगो, चाललीस कुठं?" मी वळलेसुद्धा नाही. घरी सांगितलं, काकाच म्हणाले सोड. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तुमची शेजारीण नंतर भेटली होती. म्हणाली, काका जाईपर्यंत रोज तीनला अंगण झाडून घ्यायचे. आता तुमची विद्या कोणाकडेच नाही. मोबाईलवर बागेतले चिनी म्हातारे दिसतात, मीही तशी उभी राहून बघते, काही होत नाही. गुडघे गेलेत, खांदे कानाला लागलेत. तो रेटा टाचेतून गेला तो गेलाच, परत कधी आला नाही.

हे लिहून झालं की फाडणार आहे. मुलीलाही मी तुम्हीच घालवून दिलंत असंच सांगून ठेवलंय, हे तिच्या हाती लागायला नको. तुम्ही खांद्याबद्दल बोलत होतात, काका. मला ते तेव्हाच कळलं होतं.