धुण्याचा की खाण्याचा

आई,

परवा शाळेनं मला निरोप दिला. नारळ, शाल आणि फळ्यावर मुलींनी रंगीत खडूंनी काढलेली वेल. दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा मी नेहमीसारखी तुझीच गोष्ट सांगितली. ती इतक्यांदा सांगितली आहे की कुठं थांबायचं, कुठं लोक हसणार, कुठं रुमाल बाहेर निघणार, सगळं मला पाठ आहे. लोक हसले, रुमाल निघाले, टाळ्या पडल्या. घरी आले आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. चहा टाकते आणि विसरते. पेपर उघडते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते. कारण त्या गोष्टीतला एक तुकडा मी कधीच कुणाला सांगत नाही. तुलाही सांगितला नव्हता. आज तो सांगून टाकायचा म्हणून कागद घेऊन बसले खरी, पण बसल्यापासून दोनदा उठून दाराची कडी पाहून आले आहे.

सभेत मी दुकानापासून सुरुवात करते, इथंही तिथूनच करते, सवय मोडत नाही. तीस सालानंतरची ती वर्षं. रविवार कारंज्यावरून गंगेकडे उतरताना आपलं दुकान, पुढं किराणा आणि मागं आपण. दारातच सोड्याचं राज्य. लाकडी पिंपात धुण्याचा, पत्र्याच्या डब्यात खाण्याचा, आणि आत कोपऱ्यात लोखंडी पिंपात कॉस्टिक, साबण करणाऱ्यांसाठी, झाकणावर दगड ठेवलेला. वैशाखात धुण्याच्या सोड्याचे काचेसारखे खडे पांढरे पडायचे आणि बोटात धरले की चुरायचे. पावसाळ्यात कॉस्टिकला उलट पाणी सुटायचं. एकाच्या खड्यातलं पाणी हवा घेऊन जाते आणि दुसरा हवेतलंच पाणी ओढून घेतो, हे पुढं सारा जन्म मी मुलींना शिकवलं, पण तेव्हा मला ते तिन्ही सोडे घरातल्या माणसांसारखे वाटायचे, ज्याची त्याची तऱ्हा. आडाच्या जड पाण्यात तुझी डाळ शिजत नसे, म्हणून चिमूटभर खाण्याचा. त्याच पाण्यात साबणाला फेस येत नसे, म्हणून मूठभर धुण्याचा. हळदीचा डाग पडलेल्या लुगड्यावर तो सोडा पडला की डाग लालभडक व्हायचा आणि मी ओरडायचे, रक्त, रक्त! तू म्हणायचीस, 'ऊन लागू दे, जातो.' आणि तो जायचा.

कॉस्टिकला हात लावायची मला बंदी होती. म्हणजे लावायलाच हवा. एकदा दगड सरकवून एक खडा चिमटीत धरला. आधी साबणासारखा बुळबुळीत लागला, गंमत वाटून बोटं चोळली, आणि मग जी आग सुटली! तू मला फरफटत आडावर नेलंस. माझं मनगट धरून बोटांवर पोहऱ्यामागून पोहरा ओतत होतीस आणि मध्येच हात मोकळा झाला की पाठीत धपाटा घालत होतीस. 'विचारायला तोंड नव्हतं का गं तुला?' आग शमली तरी तू पाणी ओतणं थांबवलं नाहीस. मी पाहते आहे, तुझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं आहे आणि तू माझ्यापेक्षा जास्त घाबरली आहेस.

आता ती थट्टा. तात्यांचा हजरजबाबीपणा म्हणजे आपल्या दुकानाचं अर्धं भांडवल. गिऱ्हाईक जिरं न्यायला यायचं आणि हसून जायचं. तू त्यांच्याशी कधी वाद घातला नाहीस. न पटलेल्या गोष्टीवर तुझा एकच शब्द असे, 'सोडा.' म्हणजे जाऊ द्या, विषय पुरे. आणि तात्या वाणी माणूस, कानावर शब्द पडायचा अवकाश, लगेच विचारायचे, 'कुठला? धुण्याचा की खाण्याचा?' बाहेर चार माणसं असली तर ती हसायची. मी हसायचे. सुरुवातीला तूही हसायचीस, पदर तोंडाला लावून. पण त्या हशात तुझं मूळ म्हणणं कुठं जायचं हे तेव्हा मला दिसलं नाही. नांदगावची आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तू चार दिवस माहेरी जाते म्हणालीस. तात्या म्हणाले, सणाचे दिवस, दुकान आणि घर दोन्ही मी कसं बघू? तू म्हणालीस, 'सोडा.' त्यांनी विचारलं, कुठला? बाहेर हशा झाला. तू आत येऊन भाकरी थापायला बसलीस. नांदगावला गेलीस ती आजीच्या दहाव्याला. ही गोष्ट मी सभेत सांगत नाही, कारण तिथं तात्यांवर लोकांचा राग होतो आणि पुढची मजा जाते. पण माझा होतो. इतक्या वर्षांनी, तुम्ही दोघंही नसताना, मला भर दुपारी तात्यांशी भांडावंसं वाटतं.

मग सिन्नरचं स्थळ आलं. नव्या कायद्यानं लग्नाला मुलीची चौदा वर्षं पुरी व्हायला हवी होती आणि मला ती होत आली होती. घर चांगलं, विड्यांचा धंदा, मुलगा शिकलेला. त्याच महिन्यात शाळेतल्या बाई मागच्या दारानं तुझ्याकडे येऊन बसल्या होत्या. पुण्याला मुलींच्या वसतिगृहात जागा आहे, फी माफ होते, पोरीला हिशेबापेक्षा शास्त्रात गती आहे, तिला पाठवा. तू तात्यांच्या कानावर घातलंस तेव्हा ते म्हणाले, 'मुलीला पुण्याला पाठवू आणि म्हातारपणी आपण काय तिच्या पोस्टकार्डांना फोडणी देऊन खाऊ?' पाहुणे मला बघून गेले. गुरुवारी येऊन सुपारी फोडायची असं ठरलं. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले, डोळ्यांना पाणी, तोंडात पदराचा बोळा. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, 'रडू नकोस. मी बघते.' सभेत पहिले रुमाल इथं निघतात.

बुधवार. गंगेवर बाजार भरलेला, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तात्यांच्या हातात तराजू. गोटीच्या सोड्याचा कारखाना असलेले बाटलीवाले चाचा आपला खाण्याचा सोडा तोलून घेताहेत, तेजाबात टाकून त्याचा वायू बाटल्यांत भरायला. त्यांच्या हातचं पाणी आपल्याकडे चालत नसे, सोडा मात्र चालायचा. वायू भरला की विटाळ उडून जातो, असं तात्यांचं शास्त्र! घाटावरची परटीण पिंपाशी उभी. आणि तू मधल्या दारातून दुकानात येतेस. तू, जी कधी त्या उंबऱ्याच्या पुढं आली नव्हतीस. डोक्यावर पदर, हाताला पीठ. मी दाराआड आहे, मला फक्त तुझी पाठ दिसते.

'अहो,' तू म्हणालीस, 'सोडा.'

तात्यांनी वरही पाहिलं नाही. 'कुठला? धुण्याचा की खाण्याचा?'

दोघंतिघं हसायलाही लागले होते.

'मुलीला,' तू म्हणालीस.

तात्यांनी तराजू खाली ठेवला. हसत हसतच म्हणाले, 'बरं बरं. आत जा.'

'सोडतो म्हणा. जाते.'

'अगं, गिऱ्हाईक आहे.'

'मीही तेच म्हणते. सगळ्यांसमोर म्हणा.'

चाचांनी आपली पिशवी खाली ठेवली. 'शेटजी, बाई मस्करी नाय करत. ऐकून तर घ्या.' परटीण तर मोकळीच झाली, 'तात्या, म्हना की वो! कवाची उभी हाय बाई.' तात्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. ज्यांना आजवर हसवलं तीच माणसं आता त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी थट्टेचाच सूर लावून पाहिला, 'बरं बाई, सोडतो,' पण आवाज नीट लागला नाही. आणि वाण्यानं बाजारात बोललेला भाव मागं घ्यायचा नसतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. संध्याकाळी सिन्नरला निरोप गेला. टाळ्या इथं पडतात.

जून महिन्यात तात्या मला पुण्याला पोचवायला आले. मोटार सिन्नरवरूनच जायची. गाडी तिथं थांबली तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होते. तात्या म्हणाले, 'पाणी हवंय का?' मी नको म्हटलं. पुण्यात मी रमले, खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा तिथल्या बाईंनी खाण्याचा सोडा नळीत तापवून दाखवला, त्यातून वायू गेला, पाणी गेलं आणि मागं उरला तो धुण्याच्याच जातीचा, फक्त कोरडा. मी वर्गात मोठ्यानं हसले आणि बाहेर उभी राहिले. ते पत्रात लिहून तुला कळवलं होतं. तात्यांनी वाचून दाखवलं असेल की नाही, कुणास ठाऊक. दुसऱ्या वर्षी तू तापानं गेलीस आणि मी पोचले तेव्हा अंगण सारवून झालं होतं. त्यानंतर तात्या पार बदलले. कुणी सोडा मागितला तर कुठला म्हणून विचारत नसत. नुसतं बोट करायचे, या पिंपाकडे, मग त्या डब्याकडे, आणि गिऱ्हाईक मान हलवेपर्यंत थांबायचे.

आता तो तुकडा.

पाहुणे मला बघायला आले त्या दिवशी तात्यांनी ऐट म्हणून चाचांकडून गोटीच्या बाटल्या मागवल्या होत्या. मुलगा माझ्यासमोर बसलेला, अंगात नवा करकरीत कोट. गोटी अंगठ्यानं सावकाश दाबायची असते. त्यानं माझ्याकडे बघत दाबली. अर्धा सोडा कोटावर, अर्धा त्याच्या काकांच्या पागोट्यावर. काका गरजले, 'अरे, कोट भाड्याचा आहे का?' आणि तो, विचारबिचार न करता, 'भाड्याचा नाही काका, मित्राचा आहे.' आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं, कान लाल झाले, आणि मग तो स्वतःच हसायला लागला. कुणाला हसवायला नव्हे, स्वतःला हसत होता. पुरुषाला असं हसताना मी आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली, पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलायचे थांबेनात. तू मागं स्वयंपाकघराच्या दारात होतीस. तुला माझी पाठ दिसली.

मी हसत होते, आई. मला तो आवडला होता.

आत आले तेव्हा तुला सांगायचं तर तोंडात पदर होता, आणि पदर काढल्यावर लाज होती. त्या काळी कुठली मुलगी आईला असलं सांगत होती? म्हटलं, उद्या सांगू, परवा सांगू. मग बुधवार आला. तुला पिठाच्या हातांनी भरल्या दुकानात उभी राहिलेली मी पाहिलं, त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार होते? तेव्हापासून एकच प्रश्न मला बसू देत नाही. मी रडत नाही हे तुला कळलं असतं, तरी तू त्या उंबऱ्याबाहेर आली असतीस का? कधी वाटतं, आली असतीस, माझ्यासाठी नाही तर नांदगावसाठी. कधी वाटतं, नाही, माझ्या हसण्यावर तू तुझी आयुष्यातली एकुलती एक हिंमत खर्च केलीस, आणि मला ओरडावंसं वाटतं. लग्न मी पुढं केलं नाही. लोक म्हणतात, विद्येसाठी. मी मान हलवते.

तू असतीस तरी हे पत्र मी तुझ्या हातात दिलं नसतं. तुला वाचून दाखवायला मलाच बसावं लागलं असतं आणि शेवटी तू विचारलं असतंस, 'मग तेव्हाच बोलली का नाहीस गं?' लाजले म्हणून, हे उत्तर मी इतकी वर्षं स्वतःला देत आले. ते अर्धंच आहे. तू माझ्या पाठीवर हात ठेवून 'मी बघते' म्हणालीस तेव्हा मला पुण्याच्या वसतिगृहातली ती जागा आठवली आणि मी मुद्दाम गप्प बसले. मला दोन्ही हवं होतं, आई. पुणंही हवं होतं आणि तोही.