नाव घेण्यापुरतं मेण

नागाव,
संक्रांतीच्या आधीचा गुरुवार, सन १९२७

तीर्थस्वरूप यज्ञेश्वर भावोजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे तुळशीरामचा, वाकून नमस्कार. कराचीची हवा आपल्याला मानवत असेल, बंदरावरच्या कचेरीत साहेब आपल्यावर खूश असेल, आणि रजा देववत नाही इतका खूश असेल, असं धरून चालतो. इकडे सर्व खुशाल. तात्यांचा गुडघा दुखतो, पण तो दुखला नाही तर आपल्या वडिलांना करमत नाही. गाय व्यायली, कालवड झाली. सुपारी यंदा बरी धरली आहे. ताईही बरी आहे. (विचारणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच सांगते, म्हणून मीही एवढंच लिहितो.)

आता पत्राचं कारण. ते सांगायला जरा वळसा घ्यावा लागेल, कारण माझा हल्लीचा धंदा काय हे आपल्याला नीट ठाऊक नसावं. माझ्या आईलाही ते ठाऊक नाही. ती लोकांना अजून मी गिरगावात घड्याळं दुरुस्त करतो असं सांगते, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही. घड्याळांवरून मी ग्रामोफोनवर आलो, कारण एकदा एका शेटचा ग्रामोफोन बंद पडला आणि माझ्या दुरुस्तीनंतर तो उलटा फिरू लागला. शेटना त्यातही गाणं बरं वाटलं. त्यांनी मला आपल्या रेकॉर्ड कंपनीत ठेवून घेतलं. तिथे मला 'रेकॉर्डिंग मास्तर' म्हणतात. काम म्हणाल तर गायकाला ढकलणं. गायक भोंग्यात तोंड घालून गातो, आवाजाने पलीकडची सुई हलते आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरते. सूर चढला की सुई मेणातून उडी मारते, म्हणून गायकाला मागे ओढायचं. सूर उतरला की रेघच उमटत नाही, म्हणून पुढे लोटायचं. एका भजनीबुवांना मी उपरण्याला धरून ओढलं, ते उपरणं माझ्या हातात राहिलं आणि बुवा कपाळ आपटून भोंग्यात शिरले. ती रेकॉर्ड 'अत्यंत भावपूर्ण' म्हणून खपली. गाणाऱ्या बायांना मात्र हात लावायची सोय नाही. त्यांच्यासाठी शेटनी चाकांची खुर्ची करून घेतली. तिच्यावर बसलेल्या पहिल्याच बाई तान घेता घेता जिन्यापर्यंत गेल्या. (बाई सुखरूप आहेत. खुर्ची नाही.)

तेव्हा शेट म्हणाले, घरंदाज बाईच्या तोंडच्या ओव्या पाहिजेत, गिऱ्हाईक मागतं आहे, पण तिला ओढणार कोण? मी म्हटलं, माझी बहीण आहे, लहानपणी मी तिची वेणी इतक्या वेळा ओढली आहे की तिला सवय आहे. शेटना हे पटलं. त्यांनी प्रथमच सगळं काम माझ्या एकट्याच्या अंगावर टाकलं आणि वर हेही सांगितलं, की ही तबकडी फसली तर घड्याळांचं दुकान अजून तिथेच आहे. म्हणजे भावोजी, माझी भाकरी आपल्या घरच्या ओवीवर अवलंबून होती आणि आपल्याला त्याची कल्पनाही नव्हती. आपल्याला आधी विचारायला हवं होतं, हे खरं. पण आपलं उत्तर यायला जितका वेळ लागतो तितक्यात मेण शिळं होतं.

शेटची एक अट होती. गाणं संपलं की बाईने स्वतःचं पूर्ण नाव भोंग्यात सांगायचं. मागे एकदा कारखान्यात चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि 'हरिपाठ' म्हणून घेतलेल्या तबकडीतून पुण्याच्या एका सद्गृहस्थांच्या देवघरात भलतीच लावणी सुरू झाली. तेव्हापासून शेट मेणातल्या नावाशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत. मी 'दुर्गाबाई नागावकर' सुचवलं. शेट म्हणाले, नुसतं गावाचं नाव लावलं की लोक वेगळा अर्थ काढतात. मधे नवऱ्याचं नाव पाहिजे. दुर्गाबाई यज्ञेश्वर वर्तक. मी बरं म्हटलं. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे या तीन शब्दांत काही अडचण असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आगबोटीने रेवसला आणि तिथून बैलगाडीने आम्ही आलो. आम्ही म्हणजे मी, भोंगा, मेण आणि सिराजुद्दीन. सिराज आगरदांड्याचा, आमचा मिस्त्री. तबकडी फिरवणं आणि सुई टेकवणं त्याच्याकडे. तबकडीवरची जागा संपत आली की तो हात वर करतो, मग काय ते आवरायचं. मेण गारठलं तर तडकतं, म्हणून ताईने आपल्या लग्नातली दुलई काढून दिली. (तात्यांना ही गोष्ट अजून ठाऊक नाही. मेणाचे डाग निघतात म्हणे.) तात्यांची परवानगी सोपी गेली. सुनेने परक्या माणसांसमोर गायचं नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, समोर फक्त भोंगा असतो. त्यांनी भोंग्यात वाकून पाहिलं, आत कोणी नाही अशी खात्री करून घेतली आणि हो म्हणाले.

पहिली तबकडी आवडाबाईने घेतली. ताई सुपारी सोलताना म्हणायच्या ओव्या गात होती, मी वेणी धरून उभा होतो, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात रेवदंड्याची आवडाबाई टोपली घेऊन मागच्या दारी आली. "गो दुर्गाबाय, बोंबील हायेत ताजे, घेतंस का न्हाय?" सिराज म्हणाला, इतकी साफ रेघ त्याने आजवर कुणाच्या आवाजाची पाहिली नाही. बोंबील घेतले. चांगले होते.

दुसऱ्या तबकडीला आपण आडवे आलात. ओव्या झाल्या, सिराजचा हात वर गेला, मी ताईला नाव सांगण्याची खूण केली, आणि ताईने उखाणा सुरू केला. मी तिला आधी तीनदा बजावलं होतं की नुसतं नाव सांग. ती म्हणाली होती, बरं. पण नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय ओठांवर येत नाही, तर ती तरी काय करणार. तो उखाणा विहिरीपाशी निघाला, पोफळींच्या रांगेतून चालत केळीला वळसा घालून अंगणात आला, तुळशीपाशी टेकला आणि मेण संपलं. आपण, भावोजी, माजघरात होता. आणखी दोन ओळींवर.

मी ताईला पुष्कळ समजावलं. म्हटलं, हे मंगळागौरीचं जागरण नव्हे, धंदा आहे. कारखान्यातला साहेब काही ओटीवर बसून ऐकत नाही. ती म्हणाली, साहेब ऐकत नसेल, गाव ऐकेल, आणि नवऱ्याचं नाव असं बाजारात भाजी टाकल्यासारखं टाकायचं असेल तर दुसरी बाई बघ. मग तात्या मधे पडले. नाव काय, मी सांगतो, माझ्याच मुलाचं आहे, मला कसला उखाणा. ही तोड सगळ्यांना पसंत पडली. तिसऱ्या तबकडीला ताईने ओव्या म्हटल्या, स्वतःचं नाव सांगितलं आणि ती बाजूला झाली. तात्या भोंग्यासमोर आले. त्यांना फक्त 'यज्ञेश्वर वर्तक' एवढं म्हणायचं होतं. ते पुन्हा त्या काळ्या भोंग्यात वाकले. मग म्हणाले, "यज्ञ्या, अरे, किती हाका मारायच्या? घरी ये." आणि गुडघा धरून मागच्या दारी निघून गेले. नंतर म्हणाले, भोंगा चालतो की नाही ते बघत होतो. सिराज म्हणाला, चालतो. बिघडलेल्या तबकड्या तासून मेण पुन्हा वापरायचं असतं. ही एक त्याने तासायच्या पेटीत टाकली नाही, ताईच्या दुलईत गुंडाळून ठेवली.

चौथी तबकडी शेवटची. आता ताईने दोन ओव्या स्वतःहून गाळल्या आणि उखाणाही आखूड करते म्हणाली. नवा उखाणा तिने तिथेच रचला. शेटना पाठवायला तो मी लिहून घेतला आहे, तो असा:

झापावरती वाळत घातली सोललेली सुपारी,
रेवसला आगबोट लागते भर दुपारी,
आगबोटीच्या धुराकडे लागली माझी नजर,
उतरणाऱ्या माणसांत...

इथवर आला, आणि मेण संपलं. आपलं नाव याही खेपेला राहिलं. मेणाची तबकडी वाजवून पाहता येत नाही (वाजवली की रेघ पुसते), म्हणून आहे तशी मुंबईला धाडली. तिथे साचा करून काढलेली नमुन्याची प्रत शेटनी ऐकली, ओव्या त्यांना पसंत आहेत. ते म्हणतात, नाव मेणात नाही तर नाही, वरच्या कागदी चिठ्ठीवर छापू, पण नवऱ्याचं नाव छापायचं तर नवऱ्याची संमती पाहिजे. तेवढी मिळाली की माझी नोकरी पक्की. आपण थोर मनाचे आहात, एका मेहुण्याची भाकरी अडवणार नाही याची खात्री आहे. बाकी विशेष काही नाही. थंडीला जपावं, कराचीला वारा फार असतो असं ऐकतो.

आपला आज्ञाधारक,
तुळशीराम

ता. क. संमती टपालाने पाठवली तरी शेटना चालते. मी मात्र तात्यांना सांगून बसलो आहे की कायद्याने नवऱ्याला जातीने हजर राहून सही करावी लागते. तात्यांनी कायदा कोणता ते विचारलं नाही. त्यांनी माळ्यावरचा, भावोजी, आपला पलंग उतरवून घेतला आणि सुताराला बोलावून त्याचा हलणारा पाय नीट करून घेतला. तेव्हा टपालाचं मनात असेल तर एकदा विचार करावा. माझा खोटेपणा उघडा पडेल याचं मला फारसं वाटत नाही. पलंग पुन्हा वर चढवताना त्यांचा गुडघा दुखेल.

ता. क. दुसरा. चौथ्या तबकडीचं मेण संपलं असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. मेण होतं. नाव घेण्यापुरतं होतं, आणि त्यावरही दोन बोटं उरलं असतं. सिराजने हातसुद्धा वर केला नव्हता. ताई 'उतरणाऱ्या माणसांत' म्हणाली आणि थांबली. तबकडी फिरत राहिली, मी वेणी हलवली, तरी ती गप्प. सिराजने सुई उचलल्यावर तिने शेवटची ओळ पुरी केली, माझ्याकडे न बघता, "यज्ञेश्वरराव नाहीत हजर." मी जरा चिडून म्हटलं, अगं, हेच मघाशी म्हणायचं होतं, माझ्या पोटावर पाय दिलास. त्यावर ती म्हणाली, "नाव आलं असतं तर ऐकणाऱ्याला वाटलं असतं, माणूस घरात आहे." आणि चहा टाकायला आत गेली.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. एवढं वाचूनही यायला जमणार नसेल तर संमती टपालाने धाडावी, मी तात्यांना काहीतरी सांगेन, नोकरीचंही बघता येईल. फक्त ते पाकीट माझ्या नावाने पाठवू नये. या तीन वर्षांत आपलं प्रत्येक पत्र तात्यांच्या नावाने आलं आहे. हे एक ताईच्या नावाने पाठवावं, आणि पाकिटावर तिचं पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहावं.